दोन सामन्यांची बंदी

१८ नोव्हेंबर, सोमवार

तिसऱ्या तासाला फोन. नववीच्या मुली मैदानाला फेऱ्या मारत होत्या, मी शिट्टी तोंडात धरून उभी. कबड्डी लीगच्या ऑफिसातून कोणी प्रज्वल. आवाज तुपात घोळलेला. म्हणाला, "मॅडम, शिस्तपालन समितीवर एक महिला सदस्य लागतात, तुमचं नाव पुढे आलंय." लागतात! चहात साखर लागते तशी.

प्रकरण कोणाचं हे विचारायची गरज नव्हती. पंधरा दिवस शहापूर-मुरबाड दोन्ही तालुके तेच चघळतायत. भगीरथ. भातसा बुल्सचा चढाईपटू, गेल्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण त्याचे. त्याच्या बायकोने, दिपालीने, पोलिसांत तक्रार दिली. नवरा मारतो. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय. तेवढ्यावर न थांबता तिने लीगलाही पत्र लिहिलं.

मी प्रज्वलला स्पष्ट सांगितलं, दोघंही माझे विद्यार्थी. मी डोळखांबच्या शाळेत होते तेव्हा भगीरथला आठवीत असताना मीच मैदानात उतरवला. दिपाली खर्डीची, माझ्या तालुक्याच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. तिच्यासारखी घोट्याची पकड मी नंतर पाहिलेली नाही. त्यांच्या लग्नात अक्षता टाकल्यात मी. मला बसवणं बरं दिसत नाही. तर म्हणतो, उलट चांगलंच की, दोघांचाही विश्वास आहे तुमच्यावर.

उद्या कळवते म्हटलं. तोवर मुली दमून सावलीत बसल्या होत्या. उगाच खेकसले त्यांच्यावर.

१९ नोव्हेंबर

हो म्हणून कळवलं. का, ते विचारू नये.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहिली बैठक. हायवेवरच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर, एसी इतका की बोटं आखडली. आम्ही तिघं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. प्रज्वल, लीगचा कायदेशीर बाबींचा प्रमुख, वय तीस असेल नसेल. आणि मी. माझ्या पुढ्यात पाटी—"सौ. चंद्रकला". सौ.! लग्न न करता एकावन्न वर्षं काढली, आणि या लोकांनी पाटीवर लावून टाकलं.

नियमांची पुस्तिका वाचली. छान गुळगुळीत कागद. पंचाला ढकललं तर एक हंगाम बंदी. ठरलेल्या कंपनीचे बूट घातले नाहीत तर तीन सामने. सामन्यानंतर टीव्हीला मुलाखत न देता निघून गेलं तर एक सामना. बायकोला मारलं तर काय? शेवटच्या पानापर्यंत शोधलं. नाही. आहे ते एवढंच, "लीगच्या प्रतिमेस बाधा आणणारे वर्तन". शिक्षा समितीने ठरवायची.

म्हणजे बाईचा हात मोडला ही गोष्ट इथे बसतच नाही. लीगच्या प्रतिमेचा हात मोडला असेल तर बघू.

मी हे बोलून दाखवलं. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, प्रकरण मुळात कौटुंबिक आहे, न्यायालय आहे त्याला, आपण फक्त खेळापुरतं बघायचं. प्रज्वल म्हणाला, पहिला सामना १४ डिसेंबरला आहे, त्याच्या आत निर्णय हवा, टीव्हीवाले विचारतायत. भगीरथला तोवर सरावातून सुटी दिलीय. सुटी! मुलांना दिवाळीत देतात तशी.

येताना एसटीत बसायला मिळालं नाही. बरं झालं. कोणाशी बोलायची इच्छा नव्हती.

२४ नोव्हेंबर

नाक्यावर त्याचा फलक अजून आहे. हात फैलावून, तोंड उघडं. "आपला वाघ". खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

भगीरथ घरी आला. येऊ नये, नियमात आहे. शाळेतून येऊन पायातल्या चपला काढत होते तर हा दारात. वाकून पाया पडला. एवढा मोठा गडी, दरवाजा भरून गेला.

मी त्याला आत घेतलं. खुर्ची दिली. चहा ठेवला! मला माझा राग येतो तो असा. जीभ एक बोलते, हात दुसरंच करतात.

रडला. खरं रडला की काय कोण जाणे, डोळे लाल होते. म्हणाला, आठ महिने घराबाहेर असतो, आलो की ही तोंडाला तोंड देते, फोन तपासते. म्हणाला, "मारला नाय बाई, ढकलली फक्त. ती पडली." मी म्हटलं, मनगट कसं मोडलं? म्हणाला, उंबऱ्यावर आपटली. दवाखान्यातल्या दाखल्यात मनगट पिरगळून मोडल्यासारखं लिहिलंय, हे मी वाचलेलं होतं. बोलले नाही. समितीचा कागद आहे, फोडता येत नाही. नियम मला आठवतात ते असे, नको तिथे.

निघताना म्हणाला, "तुमीच हाताला धरून आणलाय मला हितपर्यंत. आता हात सोडू नका."

कप विसळताना हातातून निसटला. फुटला नाही. फोडायला हवा होता.

१ डिसेंबर, रविवार

आज दिपालीची सुनावणी. तेच हॉटेल. खर्डीहून आली, सोबत तिची आई सोमी. आईला बाहेर बसवलं, "समितीपुढे फक्त तक्रारदार". बाहेर त्या गाद्यांच्या खुर्चीवर सोमी टोकाला टेकून बसली होती, जणू उठवतील केव्हाही.

दिपाली वाळलीय. प्लास्टरचा हात पदराखाली. माझी कोपरारक्षक—समोरच्याचा पाय हलायच्या आधी हिला कळायचं. आता दार वाजलं तरी दचकते.

साहेबांनी विचारलं, एवढं होत होतं तर तीन वर्षं राहिलात का? मी मध्ये पडले, हा प्रश्न बरोबर नाही म्हटलं. साहेब म्हणाले, मॅडम, मी तीस वर्षं प्रश्नच विचारलेत. प्रज्वलने विचारलं, पोलिसांत तक्रार दिलीत, मग लीगला पत्र कशाला? तुमची अपेक्षा काय?

तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "तक्रार दिली तर गाव म्हणतो, आमच्या पोराचं नाव खराब केलास. हा नाव त्याला तुमी दिलाय. टीव्हीवर तो आला का सगळी टाळ्या वाजवतात, शेजारी, माझा दीर, सासू. आणि मी त्याच घरात भाकऱ्या थापत बसते, मार खाल्लेल्या हाताने. म्हणून तुमाला लिवला. तुमी टाळ्या वाजवू नका. येवढाच."

प्रज्वलने लिहून घेतलं—"अपेक्षा: खेळाडूवर कारवाई." एका ओळीत उरकलं.

मग साहेब म्हणाले, मारताना प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी आहे का? सासू, दीर नाही म्हणतात. बाहेरचं कोणी? दिपालीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सांगणारा कोण नाय."

मी पाणी प्यायले. ग्लास रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

शिक्षक खोलीत तोच विषय. गणिताचे सर म्हणाले, टाळी एका हाताने वाजत नाही. मी म्हटलं, सर, थोबाडीत एकाच हाताने मारतात. कुणाली एकटी हसली, ती नवीन आहे, तिला अजून हसायला भीती वाटत नाही.

दुपारी प्रज्वलचा फोन. बैठकीची वेळ सांगायला, असं म्हणाला. मग सहज म्हणून काढलं, लीग ग्रामीण शाळांना मॅट देणार आहे, यादीत तुमच्या शाळेचं नाव घालतोय, मुली मातीवर गुडघे फोडून घेतात ना. हे त्याला कोणी सांगितलं? मीच, पहिल्या बैठकीत, चहा पिताना.

आमच्या मुली गेल्या वर्षी विभागाला हरल्या त्या मॅटवर पाय सरकले म्हणून. बाकी कशातही कमी नव्हत्या.

मी "नको" म्हटलं नाही. "बघू" म्हटलं.

७ डिसेंबर, शनिवार

निर्णय झाला. दोन सामन्यांची बंदी, दंड, आणि समुपदेशनाच्या चार बैठका. कागद आधीच टाइप केलेला होता. आम्ही जाऊन बसायच्या आधी!

भांडले. खोटं कशाला, सुरुवातीला भांडले. म्हटलं, तीन वर्षांपूर्वी एका पोराने पंचाच्या छातीला हात लावला, अख्खा हंगाम घरी बसवलात त्याला. साहेब म्हणाले, तिथे कॅमेरा होता, हजारो लोकांनी पाहिलं. इथे प्रत्यक्ष साक्षीदार नाही. म्हटलं, मोडलेला हात आहे, दाखला आहे. म्हणाले, हात मोडल्याचा आहे, कोणी मोडला त्याचा नाही. प्रज्वल म्हणाला, मॅडम, एकमताने निर्णय गेला तर मुलीचीही बदनामी होणार नाही, प्रकरण शांत होईल, तिच्याच भल्याचं आहे.

तिच्या भल्याचं. सगळ्यांना तिच्या भल्याचं कळतं.

साहेबांनी सही केली. प्रज्वलने केली. पेन माझ्याकडे सरकवलं. मी केली.

बस. लिहिलं. मी केली.

८ डिसेंबर, रविवार

पेपरात—"लीगची कठोर कारवाई". तिसऱ्या ओळीत माझं नाव. "समितीतील महिला सदस्य व माजी राज्य खेळाडू यांचीही निर्णयाला संमती." एवढ्यासाठीच हवी होते मी. आता कळलं असं नाही, तेव्हाच कळलेलं.

१० डिसेंबर, मंगळवार

दिपालीचा फोन आला. मधल्या सुट्टीत. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तुमी तर होतात तिथं." आणि ठेवला.

आता लिहितेच. या वहीतसुद्धा आजवर लिहिलं नव्हतं, जणू वही कोणाला जाऊन सांगणार होती.

फेब्रुवारी २०२३. मुरबाडकडची खुली स्पर्धा. भगीरथच्या संघाची प्रशिक्षक मीच, उपांत्य सामना संपला होता. जिंकलो होतो, पण शेवटच्या चढाईत भगीरथची पकड झाली, चार हजार लोकांसमोर. मंडपाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ दिपाली त्याला काहीतरी म्हणाली—डावीकडे जायला नको होतं, असं काहीसं. बरोबरच म्हणाली होती, मीही तेच सांगणार होते. त्याने वळून मारलं. थोबाडीत नाही. मूठ. तोंडावर. ती टाकीला धडकून खाली बसली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून साडीवर. त्याने परत हात उचलला तेव्हा त्याला मी दिसले. मी पाच पावलांवर होते.

तो निघून गेला. मी तिला उठवलं. तोंड धुवायला लावलं. आणि म्हटलं—शब्द न् शब्द आठवतो—"दिपाली, उद्या फायनल आहे. लीगचे लोक बघायला येणारेत. आज काही बोलू नको गो."

ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भगीरथने चौदा गुण घेतले. लीगच्या लोकांनी तिथेच त्याचं नाव लिहून घेतलं. मला हार घातला. हारातल्या फोटोत मी हसतेय.

साहेबांनी विचारलं ना, बाहेरचं कोणी पाहिलंय का? तो प्रश्न माझ्या उजव्या हाताला बसलेला माणूस विचारत होता, आणि उत्तर त्याच्या डाव्या हाताला बसून पाणी पीत होतं.

११ डिसेंबर

शाळेत गेले नाही. तब्येतीचं कारण कळवलं. खोटं नव्हतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर स्वतःला कारणं सांगितली. आता बोलून काय उपयोग. निर्णय झालाय. मलाच विचारतील, इतके दिवस गप्प का. नोकरीची सात वर्षं राहिलीत. मुलींची मॅट. सगळी कारणं खरी आहेत. हीच अडचण आहे, एकही कारण खोटं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

लीगचा पहिला सामना. नाक्यावर पडदा लावलेला, गर्दी रस्त्यावर आलेली. भाजी घेऊन परतत होते, थांबले. समालोचक म्हणाला, "आज भगीरथ वैयक्तिक कारणामुळे उपलब्ध नाही, तो लवकर परतेल अशी आशा करूया."

वैयक्तिक कारणामुळे!

बंदी हा शब्दसुद्धा नाही उच्चारला. माझ्या सहीचा कागद होता, तोही दाबून टाकला. पोरांनी भगीरथच्या नावाने घोषणा दिल्या. शेजारची बाई म्हणाली, बायकोच्या पायी बिचाऱ्याचे दोन सामने गेले. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण ती भाजीची पिशवी उचलून लांब जाऊन उभी राहिली.

१६ डिसेंबर, सोमवार

रजा टाकून खर्डीला गेले. स्टेशनवरून रिक्षा, पुढे बांधावरून चालत. भात झोडून झालेलं, अंगणात पेंढ्याची उडवी रचणं चाललं होतं. सोमी वर पेंढे फेकत होती. मला बघून थांबली नाही. म्हणाली, "आता कशाला आल्यात बाई? सही राहिली काय अजून कुठं?"

उभी राहिले उन्हात. एक पेंढी उचलून तिच्या हातात द्यायला गेले तर तिने घेतली नाही, वाकून दुसरी घेतली.

दिपाली बाहेर आली. प्लास्टर निघालंय, हात काडीसारखा, रंग वेगळाच. तिने बस म्हटलं नाही. मी जे बोलायचं ते बोलले—चुकले, तेव्हा चुकले, समितीत चुकले, माफ कर. वाटेत चार वेळा मनात घोळवून आणलेलं. तोंडातून आलं तेव्हा भाषणासारखं वाटलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माफी नको बाई. कागद द्या."

म्हटलं, कसला कागद? म्हणाली, जो बघितलात तो. तारीख, जागा, काय झालं, तुम्ही काय बोललात. तेही, म्हणाली. "तुमी काय बोललात तेपन लिवा."

त्या एका वाक्यावर माझं डोकं सणकलं. तिच्यावर चिडले—या पोरीला मी घडवलं आणि ही मलाच उभी करते पिंजऱ्यात! रिक्षा मिळेपर्यंत चिडलेलीच होते. आसनगाव गेल्यावर लक्षात आलं, मी तिच्यावर चिडतेय.

१८ डिसेंबर, बुधवार

पोलीस ठाण्यात जबाब दिला. अधिकारी बाई होत्या, तरुण. चार पानं झाली. "उद्या फायनल आहे" हे वाक्य लिहिताना त्यांनी मान वर करून विचारलं, हे तुम्ही म्हणालात? हो म्हटलं. त्यांनी लिहिलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

एक प्रत लीगला रजिस्टर पोस्टाने. ईमेलही कुणालीने करून दिला. तिने वाचला. जाताना माझी पिशवी एसटीपर्यंत धरली.

२० डिसेंबर, शुक्रवार

प्रज्वलचा फोन. आवाजातलं तूप गेलं. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला फार मोठ्या अडचणीत टाकलंत." म्हटलं, साक्षीदार हवा होता ना तुम्हाला? म्हणाला, समितीच्या सदस्याने साक्षीदार असणं लपवलं, याचे परिणाम समजतात का? समजतात, म्हटलं. मला वाटलं समजतात.

२१ डिसेंबर, शनिवार

नाही समजले होते.

लीगचं पत्र आलं. "समितीतील एक सदस्य स्वतः प्रकरणाची साक्षीदार असल्याचे उघड झाल्याने समितीचे संपूर्ण कामकाज दूषित झाले आहे. सबब निर्णय रद्द. नवीन समिती हंगाम संपल्यानंतर नेमण्यात येईल. तोपर्यंत खेळाडूस खेळण्यास कोणताही अडथळा नाही."

तीन वेळा वाचलं. मी खरं बोलले म्हणून तो सुटला. दोन सामन्यांची होती ती बंदीसुद्धा गेली, एकच सामना भोगला त्याने. आणि पत्राखाली साहेबांची सही, "समितीचे अध्यक्ष व लीगचे मार्गदर्शक". समिती दूषित, माझ्यामुळे. अध्यक्ष मात्र स्वच्छ!

दिपालीला कळवायला हवं. फोन हातात घेऊन बसले. शेवटी केला. सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे, गावात फटाके वाजले. मग म्हणाली, "लीगसाठी नाय मागितला मी तो कागद." एवढंच.

२३ डिसेंबर, सोमवार

भगीरथचा फोन. पहिल्यांदा "बाई" म्हणाला नाही. म्हणाला, तुला देव मानला होता. मग जे बोलला त्यात मी म्हातारी, वांझ, नवरा न मिळालेली, सगळं आलं. मी ऐकून घेतलं, ठेवला नाही. हा आवाज ती तीन वर्षं ऐकत होती. मला चार मिनिटं पुरली.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. मॅटच्या यादीतून शाळा गळाली. ते म्हणाले, तुम्ही चूक केलीत असं मी म्हणत नाही. असं म्हणणारे लोक नेमकं तेच म्हणत असतात.

२४ डिसेंबर

दहावीतल्या दोघी सरावाला आल्या नाहीत. त्यांच्या घरचे डोळखांबचे. बाकीच्याही नाहीत, संघातली मनस्वी तेवढी आली. तिला एकटीलाच पकड शिकवली, अर्धा तास. एकटीला पकड शिकवता येत नाही. तरी शिकवली. मीच चढाईला गेले. गुडघा फुटला माझाच.

२८ डिसेंबर, शनिवार

भगीरथ खेळला. बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं. सोळा गुण.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. चढाई अप्रतिम होती. उजवीकडे खांदा टाकला, तिघं तिकडे झुकले, आणि हा डावीकडून बोनस घेऊन परत. मी शिकवलेलं. माझे पाय खुर्चीखाली हलले त्याच्याबरोबर. एवढा संताप असूनही हलले!

सामनावीर. ट्रॉफी देताना सूत्रसंचालक म्हणाली, कठीण काळातून किती छान पुनरागमन केलंस. तो म्हणाला, घरच्यांच्या आशीर्वादाने.

टीव्ही बंद केला. भात लावलेला होता, तो तसाच राहिला.

३१ डिसेंबर

२०२३ची वही काढून चाळली. फेब्रुवारीत त्या हाराबद्दल, सत्काराबद्दल दीड पान लिहिलंय. मूर्ख बाई.

३ जानेवारी, शुक्रवार

कोर्टात उभी राहिले. दिपालीच्या संरक्षणाच्या अर्जावर. भगीरथच्या वकिलाने विचारलं, तुम्ही खोटारड्या आहात की भित्र्या? समितीत गप्प बसलात म्हणजे एक तरी आहात. म्हटलं, भित्री. तेव्हा भित्री होते. ते म्हणाले, आणि आज? म्हटलं, आजही. पण आलेय.

भगीरथ समोर बसला होता, मोबाईलमध्ये बघत. मॅजिस्ट्रेटनी त्याला मोबाईल ठेवायला सांगितला. त्याला असं कोणी कधी सांगितलं नसणार. मीही नाही.

६ जानेवारी, सोमवार

संरक्षणाचा आदेश मिळाला. अंतरिम. भगीरथने तिच्या घराकडे, खर्डीत, कामाच्या जागी फिरकायचं नाही. तिचे कागद, कपडे परत द्यायचे. मूळ खटला चालेल, वर्षं लागतील. लीगने या आदेशावर "न्यायप्रविष्ट बाब" म्हणून बोलायला नकार दिला. परवा तो खेळणारच आहे.

आदेशाची बातमी दिपालीने नाही दिली. सोमीने फोन केला, कोणाच्या तरी मोबाईलवरून. म्हणाली, कोर्टाने तुमचा कागद वाचला. मी विचारलं, दिपाली कशी आहे? म्हणाली, "कशी असल? जेवते." मग म्हणाली, दोन घास जास्त.

मला ती कधी माफ करणार नाही. तसं ती म्हणालीही नाही कधी, मीच ठरवते. पण करणार नाही. मी तिच्या जागी असते तर केलं नसतं.

९ जानेवारी, गुरुवार

शाळा सुटताना अनोळखी नंबर. बाईचा आवाज, दबका, मागे कुकरची शिट्टी. म्हणाली, खर्डीच्या दिपालीकडून नंबर मिळाला. तिनेच सांगितलं, बाईंना कर फोन, त्या लिहून देतात. नवरा लीगमध्ये खेळतो. वेगळा संघ. नाव विचारलं तर म्हणाली, नाव भेटल्यावर.

मी म्हटलं, शनिवारी ये, शहापूरला, माझ्या घरी. एकटीच आहे मी, घाबरू नको.

ती म्हणाली, "मी एकटी नाय बाई. आमी चौघी आहोत."